धुळ्याच्या पेठेतील पंगत

जुन्या धुळ्यात जेवायला कोठे जावे, असे पाहुणे पुसतात. आम्ही त्यांस पाच कंदिलाकडे नेतो आणि शेवभाजी मागवितो. तिखट सोसेल ना, हे आधी विचारून. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने येथे सरळ रस्त्यांची पेठ आखून व्यापारी वसविले. रस्ते सरळ झाले, पंगत वाकडीच राहिली. पुढे गिरण्या आल्या. भोंगा सर्वांना एकच. खानावळीच्या उंबऱ्यावर मात्र जात आडवी येई. 1950 च्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख केला. 1955 च्या कायद्याने तेथील मज्जाव गुन्हा ठरविला. आज वाढपी विचारतो ते पाव की भाकरी. कळण्याची असेल तर भाकरी सांगावी.