आपले लुगडे, त्यांचे माग

लग्नानंतर बंगळुरूला आले तेव्हा सासूबाईंची दोन इरकली लुगडी आणि चार खण ट्रंकेत घालून आणले होते. परमुलखात आपली मराठमोळी आठवण जवळ असावी, एवढाच हेतू. पहिल्याच गणपतीत हाताने खणाची चोळी शिवली, बटणे न लावता पुढे गाठ मारायची, आणि नऊवारी नेसून आरतीला गेले. शेजारच्या कन्नड काकूंनी पदर हातात घेतला आणि हसून म्हणाल्या, "हे तर आमच्या इळकलचं!"

खरेच होते ते. लुगड्याचे इळकल आणि खणाचे गुळेदगुड्ड ही दोन्ही विणकरांची गावे आजच्या बागलकोट जिल्ह्यात आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ती मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होती. सीमा बदलली, पण खण ओटीत पडायचा थांबला नाही. विणणारे हात कन्नड, नेसणारी मराठी, असे हे जुने नाते.

इरकलीच्या अंगाचा ताणा आणि पदराचा लाल रेशमी ताणा एकमेकांत फासे अडकवून जोडतात. हे मला उशिरा कळले. तोवर लेकीच्या नाचासाठी एक लुगडे कापून शिवलेली नऊवारी करून घेतली होती. तो सांधा आता परत जुळणार नाही.

मैत्रिणींनो, घरातली जुनी लुगडी कापू नका. नेसायला शिका. उरलेले लुगडे घेऊन मी शिकवायला येईन.