हप्त्यावरची मोटार : शोरूममधल्या कर्जाचा इतिहास

शोरूममध्ये पाऊल टाकले की किमतीचे बोलणे नीट सुरू होण्याआधीच समोरचा माणूस विचारतो, "महिन्याला किती जमेल?" मी पहिली गाडी घ्यायला गेलो तेव्हा मलाही हेच विचारले गेले, आणि वर्गात व्याजाची गणिते घालणारा मी पगार आठवून एक आकडा सांगून मोकळा झालो. व्याजाचा दर विचारायचे घरी आल्यावर सुचले. हा प्रश्न मोटारीच्या दुकानात कुठून आला, ते या टिपणात पाहू. त्यासाठी आधी शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जावे लागेल.

फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत सुमारे 850 डॉलर होती. व्यवहार रोखीचा. त्या काळच्या बँका व्यापाराला कर्ज देत. एखाद्या कुटुंबाला फिरायला मोटार हवी म्हणून पैसे देणे त्यांना उधळपट्टी वाटे. पण खरी कोंडी झाली होती ती विक्रेत्याची. कारखान्यातून रेल्वेने गाड्या आल्या की त्याला त्यांचे पैसे तिथल्या तिथे मोजावे लागत. त्यातून हिवाळा आला की खरेदी थंडावे, कारण बहुतेक गाड्या उघड्या आणि रस्ते बर्फाचे, चिखलाचे. कारखाना मात्र बारा महिने सारखा चालला तरच परवडणार. मग हिवाळ्यात बनलेल्या गाड्या वसंतापर्यंत ठेवायच्या कुठे, आणि त्यांच्यात अडकलेला पैसा कोणाचा? मोटारकर्जाचा उगम तुम्ही ग्राहकाच्या गरजेत शोधाल, पण निम्मे उत्तर या गोदामात आहे.

जनरल मोटर्सने 1919 मध्ये स्वतःची वित्तकंपनी काढली, जनरल मोटर्स अ‍ॅक्सेप्टन्स कॉर्पोरेशन. जॉन रॅस्कॉब हे त्यामागचे प्रमुख नाव. ही कंपनी विक्रेत्याला माल भरायला पैसे देई आणि ग्राहकाचे करारही विकत घेई. रीत अशी : ग्राहक साधारण एक तृतीयांश रक्कम आधी भरे, बाकीच्या हप्त्यांच्या करारावर विक्रेत्याच्या टेबलावर सही करे. विक्रेता तो करार लगेच वित्तकंपनीला देऊन रोख पैसे घेई आणि पुढचे हप्ते कंपनीकडे जात. आजही शोरूममध्ये गाडी आणि कर्ज एकाच टेबलावर मिळते, त्याची मुळे इथे आहेत.

हेन्री फोर्डला उधारी मनापासून नावडती. त्याने 1923 मध्ये उलटी योजना आणली : दर आठवड्याला थोडे पैसे साठवा, पूर्ण भरले की गाडी न्या. शेजाऱ्याची गाडी हप्त्यांवर आज दारात उभी असताना एवढा धीर कोण धरणार? अखेर 1928 मध्ये फोर्डनेही आपली वित्तकंपनी काढली. तोवर जनरल मोटर्स पुढे निघून गेली होती. याचे सगळे श्रेय कर्जाला देऊ नका. बंद टपाच्या गाड्या आणि दरवर्षीची नवी मॉडेल्स यांचाही त्यात वाटा होता.

आता या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. जनरल मोटर्सने 1935 च्या अखेरीस '6 टक्के' योजनेची जाहिरात सुरू केली. समजा 600 डॉलरचे कर्ज 12 महिन्यांसाठी घेतले. 6 टक्क्यांनी व्याज 36 डॉलर, म्हणजे हप्ता 53 डॉलर. हिशेब बरोबर दिसतो. पण पूर्ण 600 डॉलर तुमच्याकडे फक्त पहिला महिना राहतात, शेवटच्या महिन्यात उरतात 50. वर्षभराची सरासरी बाकी 325 डॉलर. त्यावर 36 डॉलर व्याज म्हणजे जवळपास 11 टक्के. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि 1940 मध्ये न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला. तरी प्रत्येक कर्जदाराला वार्षिक दर एकाच रीतीने काढून सांगण्याचा अमेरिकी कायदा व्हायला 1968 उजाडले.

आपल्याकडे वाहनकर्ज रुजले ते मुख्यतः मालमोटारी आणि बसगाड्यांमुळे; मद्रासची सुंदरम फायनान्स 1954 ची. भाडेखरेदीवर ग्राहकाला संरक्षण देणारा कायदा संसदेने 1972 मध्ये केला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि 2005 मध्ये रद्द झाला. तेहतीस वर्षे नुसता कागदावर! मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 51 नुसार कर्ज देणाऱ्याचा बोजा आरसी बुकावर चढतो. कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्यायचे अनेकजण विसरतात आणि गाडी विकताना अडतात. किरकोळ कर्जाचा वार्षिक दर, सर्व शुल्कांसह, एका तक्त्यात लिहून देणे रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून सक्तीचे केले आहे. तोंडी बोलण्यात मात्र 'फ्लॅट रेट' अजून ऐकू येतो.

म्हणून एक उदाहरण सोडवायला देतो. कर्ज 5 लाख रुपये, मुदत 5 वर्षे, फ्लॅट रेट 7 टक्के. हप्ता 11,250 रुपये येईल. घटत्या बाकीवरचा खरा दर सुमारे साडेबारा टक्के आहे, पण वरच्या सरासरीच्या रीतीने तो पावणेचौदा येतो. मुदत लांबली की ती रीत इतकी का चुकते, ते वहीत मांडून पाहा.