‘सायबरस्पेस’ : एका संज्ञेचे अर्थांतर
नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये नियंत्रण व संज्ञापन यांच्या अभ्यासास ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले, ते सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक संज्ञेवरून. ‘सायबरस्पेस’ हा शब्द विल्यम गिब्सन यांच्या १९८२ मधील कथेत आला. तो सूचक, पण जवळजवळ अर्थशून्य म्हणून निवडला, असे त्यांनीच पुढे सांगितले. या रिकाम्या जागेत १९९६ मध्ये जॉन पेरी बार्लो यांनी मुक्तीचा आशय भरला. दाव्होसहून सायबरस्पेसचे स्वातंत्र्य घोषित करून त्यांनी शासनसंस्थांना तेथे मज्जाव केला. वस्तुतः इंग्रजीतील शासनवाचक शब्दही त्याच ग्रीक मुळातून लॅटिनमार्गे आलेला आहे. मराठीत आज ‘सायबर’ मुख्यतः गुन्हा व पोलीस यांच्याशी जोडला जातो. म्हणजे नियंत्रणाचा मूळ अर्थ लोपला नव्हता. मुक्तीच्या परिभाषेने तो केवळ झाकला होता, असे म्हणावे लागते.