काळाशी लावलेली शर्यत

मनुष्याने मनुष्याशी शर्यत लावण्याची चाल फार जुनी आहे. तिला साधन असे काहीच लागत नाही. दोघे एका रेषेवर उभे राहिले, दूरचे एखादे झाड दाखविले आणि कोणी टाळी वाजविली की शर्यत सुरू झाली. जो आधी झाडाला हात लावील तो जिंकला. परंतु हा निकाल त्या दोघांपुरताच खरा असतो. पारशिवनीत पहिला आलेला मुलगा पुण्याच्या अथवा बेळगावच्या मुलापेक्षा वेगवान आहे की मंद, हे त्या झाडाला सांगता येत नाही. ते कळावयाचे तर शर्यतीत आणखी एक गडी उतरावा लागतो. तो गडी म्हणजे काळ. काळाशी शर्यत कशी सुरू झाली, तिने आपल्या प्रांतातील गरीब मुलांना कोठवर नेले आणि तिच्यापासून आज आपण काय शिकावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

काळ मोजणे आपल्या पूर्वजांना उत्तम साधले होते. तांब्याच्या लहानशा पात्राच्या बुडाला बारीक छिद्र पाडून ते पाण्यावर सोडावयाचे. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे झाली असे समजावयाचे. लग्नमुहूर्तासाठी हे घटिकापात्र पुष्कळ काळ वापरात होते. वेगाने धावणारी माणसेही आपल्याकडे होती. मराठी राज्यातील जासूद आणि कासीद खलिते घेऊन शेकडो कोसांची मजल मारीत, आणि ठरल्या मुदतीत पोहोचणे हीच त्यांची कसोटी असे. पुढे इंग्रजी अमदानीत घुंगरू लावलेली काठी खांद्यावर टाकून टपालाचे हरकारे रानावनांतून धावले. परंतु त्यांचा हिशेब दिवसांचा आणि प्रहरांचा होता. मिनिटांचा आणि सेकंदांचा हिशेब चाप दाबून थांबविता येणाऱ्या घड्याळाबरोबर आला.

एकट्यानेच घड्याळाविरुद्ध धावण्याची पद्धत ज्या कारणाने रूढ झाली ते मोठे गमतीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात सायकलींच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवर होत. १८९४ साली अशाच एका शर्यतीत सायकलस्वारांची आणि घोडागाडीची गाठ पडून घोडा बुजला, स्वार पडले आणि मोठा बोभाटा झाला. शर्यतींवर गंडांतर आले. त्या प्रसंगी जे स्वार पडले त्यांत फ्रेडरिक बिडलेक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी अशी तोड काढली की, सर्वांनी एकदम निघूच नये. एकेकाने एकेक मिनिटाच्या अंतराने एकटे निघावे, आणि सर्व आल्यावर ज्याचा वेळ सर्वांत कमी त्यास पहिला ठरवावे. या पद्धतीने ५० मैलांची शर्यत ऑक्टोबर १८९५ मध्ये झाली. स्वार भल्या पहाटे निघत आणि नखशिखांत काळे कपडे घालीत, हेतू हा की ही शर्यत आहे असे कोणाच्या ध्यानीही येऊ नये. पोलिसांची नजर चुकविण्याच्या या युक्तीतून खेळाचा एक शुद्ध प्रकार जन्मास आला. येथे प्रतिस्पर्ध्याच्या आडोशाला राहून वारा चुकविता येत नाही आणि कोणाची पाठ पाहून पाय उचलता येत नाही.

आता आपल्या प्रांताकडे वळू. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिच्या १९१९ सालच्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. तेथील दृश्य त्यांनी पुढे एका पत्रात वर्णिले आहे. स्पर्धक बहुतेक शेतकऱ्यांची मुले, खाणे बेताचे, युरोपियन नियमांचा गंध नाही, शिक्षण कसलेच नाही. मैदान इतके लहान की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घ्यावी लागे, आणि जमीन म्हणजे रूळ न फिरविलेले गवताळ रान. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावलेल्या या मुलांचे वेळ जेव्हा नोंदले गेले, तेव्हा सर दोराबजी थक्क झाले. युरोपात वाखाणल्या जाणाऱ्या वेळांच्या ते जवळपास होते. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनाही ही मुले ऑलिंपिकला पाठवावी हा विचार पटला. अशा रीतीने १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी हिंदुस्थानचा पहिला संघ निघाला. सर दोराबजींनी त्यासाठी पदरमोड केली.

या घटनेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या मुलांपैकी कोणीही युरोपियन धावपटूशी खांद्याला खांदा लावून धावलेले नव्हते. त्यांच्या वतीने साक्ष दिली ती केवळ घड्याळाने. घड्याळाने त्यांची जात पाहिली नाही, भाषा विचारली नाही, आणि पायांत बूट नाहीत म्हणून एक सेकंदही वाढविला नाही. तथापि घड्याळ आपण होऊन बोलत नाही, हेही तितकेच खरे. ते हाती धरून रेषेवर उभा राहणारा, आकडा प्रामाणिकपणे टिपणारा आणि त्याचा अर्थ जाणणारा मनुष्य तेथे हजर नसता, तर ती मुले शर्यत संपवून आपापल्या शेतावर परत गेली असती.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. कुस्तीगीरही होते, पैकी रणधीर शिंदे यांनी आपल्या वजनगटात चौथा क्रमांक मिळविला, म्हणजे पदक एका पायरीवरून हुकले. मॅरेथॉन शर्यत २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. चौगुले एकोणिसावे आले. त्यांचा वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद.

एकोणिसावा क्रमांक ऐकून काहींना विशेष वाटणार नाही. म्हणून थोडा हिशेब करू. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटर होता. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर मानले जाते. ते १९०८ साली लंडनला प्रथम धावले गेले, पण कायमचे ठरले १९२१ साली. म्हणजे चौगुले आजच्या मानाने ५५५ मीटर अधिक धावले. त्यांची चाल दर किलोमीटरला चार मिनिटांच्या किंचित आत पडते. त्याच चालीने आजचे अंतर त्यांनी सुमारे २ तास ४८ मिनिटांत तोडले असते. आणखी एक तुलना पाहा. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकून जगद्विख्यात झालेल्या स्पिरिडॉन लुई याला सुमारे ४० किलोमीटरसाठी २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद लागले होते. चौगुले त्याहून लांबचे अंतर आठ मिनिटे कमी वेळात धावले. अथेन्सचे ऊन आणि चढ निराळे होते, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की बेळगावचा हा तरुण अवघ्या चोवीस वर्षांपूर्वी जगात पहिला ठरला असता. क्रमांक त्या दिवशी कोण कोण धावले एवढेच सांगतो. वेळ आणि अंतर मिळून माणसाचे मोल सांगतात.

परंतु त्यासाठी दोन्ही आकडे खरे असावे लागतात. शाळांच्या सामन्यांत मी अनेक वर्षे घड्याळ धरले आहे, म्हणून हा तपशील सांगतो. शंभर मीटरांच्या शर्यतीत घड्याळ धरणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि पिस्तूल सुरुवातीस उडते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरांवरून तो कानी पडेपर्यंत जवळजवळ तीन दशांश सेकंद निघून जातात. म्हणून आवाजावर नव्हे, धूर दिसताच चाप दाबावा असा दंडक होता. जो आवाजावर दाबतो तो मुलाला न धावताच वेगवान ठरवितो, आणि असा मुलगा जिल्ह्याला गेला की तोंडघशी पडतो. खोट्या आकड्याइतके मुलाचे नुकसान दुसरे कोणी करीत नाही.

चौगुल्यांच्या काळी पोहणे, सायकल आणि धावणे या तीन निरनिराळ्या विद्या होत्या. त्यांची एकच सलग शर्यत करावी ही कल्पना पुष्कळ अलीकडची. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी अशी शर्यत झाली, आणि तिच्यापासून आजच्या ट्रायथलॉनचा आरंभ धरतात. १९७८ साली हवाई बेटांवर तिचे अतिदीर्घ रूप निघाले: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पुरी मॅरेथॉन. पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीस आला. तेथील अंतरे १.५, ४० आणि १० किलोमीटर आहेत. अशीच एक मोठी शर्यत २०१९ साली गोव्यात पणजीच्या किनाऱ्यावरही झाली.

या खेळात घड्याळ एकदा सुरू झाले की अखेरपर्यंत थांबत नाही. पाण्यातून निघून सायकलीवर बसण्यात आणि सायकल ठेवून बूट चढविण्यात गेलेला वेळही हिशेबात धरला जातो. पोहण्यात बळ अधिक खर्चले तर त्याची वसुली धावताना होते. शिवाय दीर्घ शर्यतींत पुढच्या सायकलीच्या आडोशाने जाण्यास मनाई असते. म्हणजे बिडलेक यांचा तो एकांडा नियम येथे पुन्हा लागू होतो. नव्याने या खेळात शिरणाऱ्या तरुणाला पहिला धडा मिळतो तो हाच, की शेजाऱ्याचा वेग हा आपला वेग नव्हे. जो दुसऱ्याच्या नादाने आरंभी उधळतो त्याचे पाय शेवटच्या टप्प्यात जड होतात, आणि जो सरावात नोंदलेली चाल राखतो तो त्याला शांतपणे ओलांडून जातो.

आमच्या नागपूरकरांनी तर या एकांड्या शर्यतीचे एक भव्य उदाहरण जगापुढे ठेवले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सायकलीने सुमारे ४,९०० किलोमीटर जाण्याची एक शर्यत आहे. एकट्याने ती बारा दिवसांच्या मुदतीत पुरी करावयाची असते. वाळवंट, पर्वत, झोप, भूक सारे त्यातच. जून २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. आदल्या वर्षी त्यांना ती अर्धवट सोडावी लागली होती. त्यांच्या मागोमाग, काही तासांच्या आतच, नागपूरचे डॉ. अमित समर्थ पहिल्याच प्रयत्नात पोहोचले. त्यांना ११ दिवस आणि सुमारे २१ तास लागले. मुदतीचे अवघे तीन तास उरले होते. बारा दिवसांच्या कष्टानंतर उरलेले ते तीन तास हीच त्यांची कमाई.

काळाची ही कसोटी कधी कधी निष्ठुरही होते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर पायी जात-येत. पुढे ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत ते ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावले. केनियाच्या विजेत्याचा वेळ होता ८ मिनिटे ११.१५ सेकंद. सुवर्ण आणि रौप्य यांत अंतर पाच शतांश सेकंदांचे. पापणी लवावयासही याहून अधिक वेळ लागतो. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की तो साबळे यांच्या तोवरच्या कोणत्याही शर्यतीपेक्षा सरस होता आणि नवा राष्ट्रीय उच्चांक ठरला. माणसाशी लावलेली शर्यत ते हरले. काळाशी लावलेली शर्यत त्याच क्षणी जिंकले. असा दुहेरी निकाल केवळ घड्याळच देऊ शकते.

श्रोतेहो, आमचा पारशिवनी तालुका पेंच नदीच्या काठचा. येथे पाणी आहे, सायकलीवर शाळेत जाणारी मुले आहेत आणि धावण्यास मोकळे रस्ते आहेत. तीन विद्यांची ही शर्यत अशा गावांना परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र पोहण्याचा सराव जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावा. धरणाच्या आणि कालव्याच्या पाण्याशी पैज लावू नये. आज घड्याळ तर प्रत्येकाच्या हातातील फोनमध्ये आहे. सर दोराबजींच्या काळी जी वस्तू दुर्मीळ होती ती आता घरोघर झाली. उणीव आहे ती घड्याळ धरणाऱ्या माणसाची.

म्हणून तरुणांना माझे सांगणे असे की, एक साधी वही करा. अंतर दोरीने अथवा साखळीने नीट मोजून घ्या. दर पंधरवड्यास त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, एकट्याने धावा आणि आकडा जसा येईल तसा तारखेसह लिहा. वाईट आकडा खोडू नका. पुढच्या महिन्यात तोच तुम्हांला धीर देईल. आणि शिक्षकबंधूंना विनंती अशी की, सामने संपल्यावर पहिल्या तिघांची नावे फळ्यावर लिहून थांबू नका. प्रत्येक मुलाचा वेळ लिहून ठेवा आणि त्यास सांगा. पाचवा आलेला मुलगा कदाचित दुसऱ्या गावी पहिला ठरण्याच्या योग्यतेचा असेल. फडेप्पा चौगुल्यांचे पाय बेळगावच्या मातीत तयार झाले. पण ते अँटवर्पला पोहोचले, कारण कोणीतरी त्यांचा वेळ खरा मोजला आणि तो वाचून उगा राहिला नाही. आपल्या पटांगणावर आज कोणाचा वेळ मोजावयाचा राहिला आहे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या गावी करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.