पारी गेली, चुरा राहिला

इझाबेला बीटन यांचे ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ 1861 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. हजाराहून अधिक पानांचा हा ठोकळा. मोलकरणीला पगार किती द्यावा इथपासून कासवाचे सूप कसे करावे इथपर्यंत सगळे त्यात आहे. सफरचंदांचे तर विचारू नका. पुडिंग आहे, टार्ट आहे, डम्पलिंग आहेत, शार्लट आहे, जेली आहे. क्रंबल मात्र नाही.

आणि आज? रविवारच्या दुपारी इंग्लंडमधल्या कुठल्याही पबमध्ये जा, जेवणानंतरच्या गोडाच्या यादीत ॲपल क्रंबल असतोच. इंग्रज माणसाला विचाराल तर तो पदार्थ पणजीच्या पणजीपासून चालत आला आहे असे तो छातीठोकपणे सांगेल. पणजीच्या पणजीने तो पाहिलाही नसणार. ॲलन डेव्हिडसन यांचा ‘ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू फूड’ हा कोश 1999 चा. जुन्या इंग्रजी पाकपुस्तकांत क्रंबल सापडत नाही, 20व्या शतकाआधी त्याची नोंद नाही आणि तो बहुधा दुसऱ्या महायुद्धात घडला असावा, असे त्यात म्हटले आहे. देशाचा म्हणून मिरवला जाणारा पदार्थ असा शंभरीच्याही आतला निघतो, तेव्हा त्याची कुळकथा शोधावीशी वाटतेच.

आधी पदार्थ काय ते सांगतो. खोलगट भांड्यात आंबट फळाच्या फोडी, त्यांवर थोडी साखर. वर मैदा, लोणी आणि साखर यांचा मोकळा चुरा पसरायचा आणि 180 ते 190 अंशांवर पाऊण तास भाजायचे. खालचे फळ गळून रटरटते, वरचा चुरा तांबूस होतो. चुरा कसा करायचा हे मराठी घरात शिकवावे लागत नाही. शंकरपाळ्यांच्या मैद्याला आपण मोहन चोळतो, मुठीत दाबून मुटका वळतो का पाहतो, त्याच पायरीवर थांबायचे. एवढेच की इथे मोहन गरम नसते, लोणी थंड आणि घट्ट असते. पुढचे दूध-पाणी नाही, मळणे नाही, लाटणे नाही. पाणी नसल्यामुळे मैद्यातले ग्लूटेन धागे धरत नाही, स्निग्धांश कणाकणाला वेढून बसतो आणि चुरा खुसखुशीत राहतो.

म्हणजे या पदार्थात नवे असे काही घातलेलेच नाही, होते त्यातले काढले आहे. त्याचा पूर्वज पाय. मध्ययुगात पायची पारी खाण्यासाठी नव्हती. जाड, टणक कणकेचे ते भांडेच होते, आत मांस शिजायचे आणि टिकायचे. पुढे कणकेत चरबी आणि लोणी वाढले, पारी खाण्याजोगी झाली. मग फळांच्या पायमधली तळाची पारी गेली. खोल बशीत फळे आणि वर फक्त झाकण. क्रंबलमध्ये त्या झाकणातले पाणीही गेले आणि लाटणेही.

पण ही वजाबाकी इंग्रजांनीच पहिल्यांदा केली असे नाही. सिलेशियात, म्हणजे आजच्या पोलंडच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या मुलखात, केकवर मैदा-लोणी-साखरेचा असाच चुरा पसरून भाजायची रीत जुनी आहे. जर्मन त्याला श्ट्रॉयझेल म्हणतात. 19व्या शतकात जर्मन स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला. अमेरिकेत त्या शतकाच्या मध्यापासून ‘ब्राउन बेटी’ होतीच: सफरचंदाच्या फोडी आणि शिळ्या पावाचा चुरा यांचे थर. 1924 मध्ये इझाबेल इली लॉर्ड यांच्या अमेरिकन पाकपुस्तकात ‘ॲपल क्रिस्प’ छापून आले. तो क्रंबलचा सख्खा भाऊच म्हणायचा, आणि तेव्हा महायुद्ध सुरू व्हायला 15 वर्षे अवकाश होता. तेव्हा ‘क्रंबल युद्धात जन्मला’ ही लाडकी कथा अर्धीच खरी. युक्ती आधीपासून होती. ती ब्रिटनच्या घराघरांत घुसवली ती रेशनकार्डाने.

त्या कथेत आणखी एक चूक सर्रास असते. मैदा मिळेना म्हणून पाय सोडून क्रंबल करू लागले, असे सांगतात. युद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये पीठ आणि पाव यांवर रेशन नव्हतेच. पाव रेशनवर आला तो युद्ध संपल्यावर, जुलै 1946 मध्ये, आणि दोन वर्षे राहिला. खरी अडचण स्निग्धांशाची आणि साखरेची होती. 8 जानेवारी 1940 ला बेकन, लोणी आणि साखर यांच्यापासूनच रेशनिंग सुरू झाले. प्रमाण वरखाली होत राहिले, पण मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण 55 ग्रॅम लोणी, 110 ग्रॅम मार्जरिन, 225 ग्रॅम साखर आणि 1 अंडे, असा तो हिशेब. आता पाय करून पाहा. खालीवर पारीच्या, सहा माणसांच्या पायला साडेतीनशे ग्रॅम मैदा लागतो आणि त्याच्या निम्मा स्निग्धांश, म्हणजे एका माणसाचे लोणी-मार्जरिन एका झटक्यात आठवडाभरासाठी साफ. क्रंबलचा चुरा 50-60 ग्रॅम मार्जरिनमध्येही भागतो, आणि तेवढेही नसेल तर पावाचा चुरा किंवा ओट्स मिसळून वेळ मारून नेता येते.

मैदा नव्हता असे नाही, पण होता तो पूर्वीचा पांढराशुभ्रही राहिला नव्हता. जहाजातली जागा वाचावी म्हणून 1942 पासून गव्हाचा 85 टक्के भाग पिठात ठेवण्याची सक्ती झाली. त्या करड्या, कोंडा असलेल्या पिठाची पातळ पारी लाटताना ती फाटते. चुऱ्याचे असे काही बिघडत नाही, तो मुळातच फाटलेला.

अन्नखात्याचे मंत्री लॉर्ड वूल्टन हे मूळचे व्यापारी, डिपार्टमेंट स्टोअरचा कारभार पाहिलेले. गृहिणींना उपदेश करण्यापेक्षा कृती द्याव्यात हे त्यांना कळत होते. बीबीसी रेडिओवर ‘किचन फ्रंट’ हा कार्यक्रम 1940 च्या उन्हाळ्यापासून रोज सकाळी लागे, पाच मिनिटांचा. खात्याकडे मार्गरीट पॅटनसारख्या तरुण पाकतज्ज्ञ होत्या. गावोगाव, बाजारात, दवाखान्यांच्या ओसरीवर त्या प्रात्यक्षिके करून दाखवत. पॅटनबाई पुढे ब्रिटनमधल्या सर्वांत नावाजलेल्या पाकलेखिकांपैकी एक झाल्या आणि 2015 मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना गेल्या.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. मे 1943 मध्ये मुंबईतही धान्याचे रेशनिंग सुरू झाले, आणि त्याच साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. ब्रिटनमध्ये तुटवडा होता, पण वाटप चोख होते. क्रंबलला ‘टंचाईचे अपत्य’ म्हणून गौरवताना ती टंचाई लोण्या-साखरेची होती, भुकेची नव्हती, हे विसरून चालत नाही.

चुऱ्याखाली काय, हा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर 1940 मध्ये केळ्यांची आयात बंद झाली, संत्री-लिंबे दिसेनाशी झाली. उरले ते परसातले आणि कुंपणावरचे: सफरचंद, ब्लॅकबेरी, प्लम, ऱ्हुबार्ब. त्यातही राज्य ब्रॅम्लीचे.

ब्रॅम्ली हे इंग्रजांचे शिजवायचे सफरचंद. हिरवे, थोराड, चावून पाहाल तर दात आंबतील. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने 1809 मध्ये काही बिया कुंडीत लावल्या. त्यातले एक रोप तगले, ते बागेत हलवले. पुढे ती लग्न होऊन घर सोडून गेली आणि 1852 मध्ये वारली. आपण लावलेल्या झाडाचे काय होणार आहे याची तिला गंधवार्ताही नव्हती. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतले. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा 17 वर्षांचा पोरगा, रोपवाटिकेवाल्याचा मुलगा, ती फळे पाहून कलमांसाठी डहाळ्या मागायला आला. खाटीक म्हणाला, खुशाल ने, पण सफरचंदाला नाव माझे लागले पाहिजे. लागले. लावणारी एक, वाढवणारा दुसरा, आणि अजरामर झाला तो मधल्या काळातला घरमालक. मेरीवेदरच्या हिशेबवहीत या सफरचंदाच्या विक्रीची पहिली नोंद 1862 ची आहे: तीन फळे, दोन शिलिंग. मूळ झाड 1900 च्या वादळात कोसळले, पडल्या जागी पुन्हा रुजले आणि शतकभर फळत राहिले. अलीकडे त्याला बुरशीने ग्रासले आहे.

क्रंबलला हेच फळ का मानवले, याचे उत्तर त्याच्या आंबटपणात आहे. ब्रॅम्लीत मॅलिक आम्ल भरपूर, साखर बेताची. शिजले की फोडींचा कापसासारखा मऊ लगदा होतो. खायच्या गोड सफरचंदाच्या फोडी शिजूनही ताठ राहतात. वर गोड, कुरकुरीत चुरा असताना खाली आंबट आणि विरघळलेले काही नसेल तर तो नुसता साखरेवर साखरेचा मारा होतो. शिवाय ब्रॅम्ली थंड खोलीत फळीवर मांडून ठेवले तर वसंत ऋतूपर्यंत टिकते, आणि युद्धातल्या हिवाळ्यांत या गुणाचे मोल फार होते.

सफरचंद संपत आले की ऱ्हुबार्ब. खरे तर ही भाजी: लांब, लाल, आंबट देठांची. मूळ चीनचे, तिथे मुळी औषधात वापरत. पाने विषारी, ती टाकूनच द्यायची. यॉर्कशायरमध्ये वेकफील्डच्या आसपास हे पीक हिवाळ्यात घेण्याची अजब रीत आहे. दोन वर्षे रोपे उघड्या शेतात वाढवायची, कडाक्याची थंडी लागली की उपटून काळोख्या, ऊबदार शेडमध्ये न्यायची. उजेडाच्या शोधात देठ भराभर वाढतात, कोवळे आणि गुलाबी राहतात. काढणी मेणबत्तीच्या उजेडात. पूर्वी खताला परिसरातल्या लोकरगिरण्यांची टाकाऊ लोकर असे, उबेसाठी तिथलाच कोळसा. 2010 मध्ये या ऱ्हुबार्बला युरोपात भौगोलिक नावाचे संरक्षण मिळाले.

क्रंबलवर कस्टर्ड ओतायचे, ही जोडी आता अभेद्य झाली आहे, आणि तिची पाळेमुळे मात्र युद्धाच्या बरीच मागे जातात. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. 1837 मध्ये त्यांनी मक्याच्या पिठाचे, बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. शंभर वर्षांनी आठवड्याला एकच अंडे मिळू लागले तेव्हा हीच भुकटी कामी आली. याच गुणामुळे ती शाकाहारी मराठी घरातही बिनतक्रार शिरली. पुण्यात 1956 मध्ये सुरू झालेल्या वीकफील्डची कस्टर्ड पावडर मराठी फडताळात आली, आणि फ्रूट कस्टर्ड आपल्याकडे पाहुण्यांचा पदार्थ झाला. क्रंबलविना कस्टर्ड आपण पोटभर खाल्ले. क्रंबल तेवढा मागे राहिला.

साखरेचा धागा त्याहून जुना आहे. चुऱ्यावर भुरभुरायची ती जाड, तांबूस डेमेरारा साखर. नाव दक्षिण अमेरिकेतल्या गयानामधले, पण तशी साखर मॉरिशसमध्येही बनते. मॉरिशसची साखर पिढ्यान्पिढ्या ब्रिटनच्या बाजारात गेली, आणि 1834 नंतर तिथले उसाचे मळे कसायला जे गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, नेले त्यांत मुंबई इलाख्यातले, कोकणपट्टीतले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात. इंग्रजी पायच्या, पुडिंगच्या आणि पुढे क्रंबलच्या गोडीत त्या घामाचा वाटा आहे, आणि इंग्रजी पाकपुस्तके त्याबद्दल सहसा बोलत नाहीत.

रेशनिंग पुरते उठले जुलै 1954 मध्ये. लोणी परतले, पांढरा मैदा परतला, तरी क्रंबल गेला नाही. त्याचे श्रेय मी शाळांना देतो. 1944 च्या शिक्षण कायद्याने शाळेत जेवण देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. शेकडो मुलांसाठी पारी लाटत कोण बसणार? मोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये फळे, वर चुरा, बाजूला बादलीभर कस्टर्ड. एक अख्खी पिढी यावर वाढली आणि मोठी होऊन त्याला आजीच्या हातचे म्हणू लागली. 1990 च्या सुमारास तर पॅरिसच्या उपाहारगृहांनीही तो उचलला, नावासकट; इंग्रजी स्वयंपाकाला नाके मुरडणाऱ्या फ्रेंचांनी.

तिथून त्याचे लाड सुरू झाले. बदाम, पिस्ते, आले, समुद्री मीठ, फळात वाइन. ओट्स आणि थोडी दालचिनी मला चालते. बाकीचे अलंकार मला अनाठायी वाटतात.

घरी करायचा असेल तर वजनाने दोन भाग मैदा, एक भाग थंड लोणी, एक भाग साखर. बोटांच्या टोकांनी चोळा, तळव्यांनी नको, तळव्याच्या उबेने लोणी वितळते. चुरा फळावर दाबून बसवू नका. ब्रॅम्ली आपल्याकडे मिळत नाही. पाडाला आलेली कैरी त्याची जागा उत्तम घेते. सिमल्याची सफरचंदे घ्यायची झाली तर फळात साखर घालूच नका, आणि एक अख्खे लिंबू पिळा. 1941 च्या इंग्लंडमध्ये ते पैसे टाकूनही मिळत नव्हते, तुमच्याकडे आहे.