काळा पडदा आणि अभावाचं ज्ञान

मंडळी, आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. लॅपटॉपचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, यात इतिहास कुठला आणि तत्त्वज्ञान कुठलं? पण बरं का, हा प्रश्न आपल्याकडे हजार वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. तेव्हा लॅपटॉप नव्हता, घट होता, एवढाच फरक.

जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कळतं कसं? सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी सांगितलं, की अभाव कळण्याचं प्रमाणच वेगळं आहे. पुढे त्याला अनुपलब्धी हे नाव रूढ झालं. नैयायिकांना ते मान्य नव्हतं. अभावही प्रत्यक्षानेच कळतो, असं त्यांचं म्हणणं. बौद्ध धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानात बसवलं. वाद मोठा आहे, पण त्यात एक अट पुन्हा पुन्हा येते : वस्तू असती तर ती दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. या अटीला योग्यता म्हणतात.

आता पडद्याकडे या. चित्र दिसत नाही. पण ते असतं, तर दिसलं असतं का?

याचं उत्तर पडद्याच्या इतिहासात आहे. १८८८ साली फ्रीडरिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र पदार्थ आढळला. त्याला दोन वितळणबिंदू होते. द्रव स्फटिकांची कथा तिथून सुरू होते. १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीने, जॉर्ज हाइलमायर यांच्या कामातून, त्यांचा पडदा जगाला दाखवला. पण हे स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते प्रकाश अडवतात किंवा जाऊ देतात, एवढंच. १९८५ च्या तोशिबा टी ११०० ला पडद्यामागे दिवाच नव्हता. खोलीतल्या उजेडात वाचायचं. मागून उजेड देणाऱ्या बारीक नळ्या नंतर आल्या, आणि पुढे त्यांची जागा एलईडीने घेतली. म्हणजे चित्र आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागचा दिवा गेला, तर चित्र पडद्यावर असतं आणि आपण मात्र अंधाऱ्या खोलीतला घट शोधत बसतो. अशा वेळी टॉर्च तिरका धरून पाहा. पुसट अक्षरं दिसली, तर यंत्र चालू आहे, दिवा तेवढा विझलाय. ओएलईडी पडद्याला ही कसोटी लागू नाही, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. योग्यता बदलली की कसोटीही बदलते.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या अभियंत्यांना ही अडचण नेमकी कळली होती. पडदा बिघडला, तर पडद्यावर तसं लिहून सांगणार कसं? म्हणून त्यांनी कानाची सोय केली. सुरू होताना यंत्र स्वतःला तपासायचं. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोटे म्हणजे पडद्याच्या बाजूला गडबड. आजही पुष्कळ लॅपटॉप बीपने किंवा दिव्याच्या लुकलुकण्याने असा संकेत देतात. तो मोजून लिहून ठेवावा.

बाकीच्या कसोट्यांसाठी अन्वय-व्यतिरेक पुरेसा आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ग्रंथात मांडलेली भेदाची पद्धत हीच : एका वेळी एकच गोष्ट बदला. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल, तर आत काहीतरी जिवंत आहे. जवळ चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर आहे का? झाकण मिटल्याचं बऱ्याच यंत्रांना चुंबकावरूनच कळतं, त्यामुळे त्यांची फसगत होऊ शकते. मग चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करा. शेवटी लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर दोष पडद्यात, त्याच्या दिव्यात किंवा केबलमध्ये शोधायचा. बोर्ड बहुधा शाबूत आहे. टीव्हीही काळा राहिला, तर मात्र लगेच निष्कर्ष नको. रॅम सैल असेल, चित्र पाठवणारा भाग रुसला असेल.

हे सगळं कशासाठी? कारण दुकानात ‘बोर्ड गेला’ असं एका वाक्यात सांगितलं जातं आणि आपण मान डोलावतो. त्या यंत्रात कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध असतो, कुणाच्या गेलेल्या आईचे फोटो असतात. पडदा आणि डिस्क यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पडदा काळा झाला म्हणून फोटो पुसले जात नाहीत. तेव्हा दुरुस्तीला देण्याआधी, किंवा भंगारात काढण्याआधी, डिस्कवरचं सगळं काढून घ्या. आणि कुणी ‘मेलाय’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : जिवंत असता, तर तुम्हाला कशावरून कळलं असतं?