अज्ञात कोनांचे प्रश्न, भूमितीतील
आकृतीतील काही कोनांची मापे दिली असता उरलेल्या एखाद्या कोनाचे माप कोनमापक न लावता केवळ तर्काने काढणे, अशा स्वरूपाचे प्रश्न. शालेय भूमितीत विद्यार्थ्यांना घरी सोडविण्यासाठी ते विपुल प्रमाणात दिले जातात. त्यांना लागणारी साधने मोजकीच आहेत : विरुद्ध कोनांची समानता, रेषीय जोडीतील कोनांची १८०° ही बेरीज, समांतर रेषांचे संगत व व्युत्क्रम कोन, समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे समान कोन आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज. यांवरून समीकरणे मांडली की उत्तर मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक ठिकाणी खरा ठरतो. जेथे ठरत नाही, तेथे आकृतीत एखादी नवी रेषा काढावी लागते.

ही साधने ग्रीकांकडून आली. प्रॉक्लस (पाचवे शतक) या भाष्यकाराने विरुद्ध कोनांच्या व समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयांचे श्रेय थेलीझ यांना, तर त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेच्या प्रमेयाचे श्रेय यूडीमसच्या आधारे पायथॅगोरसच्या अनुयायांना दिले आहे. त्यांच्या सिद्धतेत शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली जाते. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या एलेमेंट्स या ग्रंथातील पहिल्या खंडाच्या ३२ व्या प्रमेयात पाया वाढवून, वाढविलेल्या टोकापाशी बाजूला समांतर रेषा काढलेली आहे. दोन्ही सिद्धतांत मूळ त्रिकोणात नसलेली रेषा आणावी लागते. यूक्लिडपूर्वीच्या ॲरिस्टॉटल यांनाही ही गोष्ट जाणवली होती; ती समांतर रेषा काढलेली असती, तर प्रमेय पाहताक्षणीच स्पष्ट झाले असते, अशा आशयाचे विवेचन त्यांच्या मेटॅफिजिक्स या ग्रंथात आहे. म्हणजे अज्ञात कोनांच्या प्रश्नांचे मुख्य साधनच एका साहाय्यक रेषेतून जन्मले आहे.

यूक्लिड यांनी कोन अंशांत मोजले नाहीत. त्यांच्याकडे परिमाण काटकोनाचे होते. त्यांच्या चौथ्या खंडातील दहावी रचना आजच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल : पायालगतचा प्रत्येक कोन शिरःकोनाच्या दुप्पट असलेला समद्विभुज त्रिकोण काढणे. क्ष + २क्ष + २क्ष = १८० हे समीकरण मांडून आज एका ओळीत ३६° हे उत्तर येते. यूक्लिड यांना मात्र तो त्रिकोण प्रत्यक्ष काढावयाचा होता व त्यासाठी रेषाखंडाचे विशिष्ट गुणोत्तरात विभाजन करावे लागले. याच त्रिकोणाच्या आधारे पुढे नियमित पंचकोन काढला आहे. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची पद्धत बाबिलोनियन ज्योतिषातून आली. आर्यभटीयात (४९९) ३° ४५′ च्या अंतराने २४ ज्यार्धे दिली आहेत; परंतु तेथे त्रिकोणाचा कोन नसून वर्तुळाचा कंस मोजलेला आहे. यूक्लिडची प्रमेयमालिका संस्कृतात आली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सवाई जयसिंगांच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट यांच्या रेखागणित या ग्रंथाने. हा ग्रंथ अरबीवरून केलेला असून मुंबई संस्कृत ग्रंथमालेत तो १९०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८०° ही बेरीज विद्यार्थी निःशंकपणे वापरतो. तिचा आधार मात्र यूक्लिडचे पाचवे गृहीतक हा आहे. हे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न अनेक शतके चालले. साकेरी (१७३३) यांनी ते नाकारून विसंगती दाखविण्याचा प्रयत्न केला. लोबाचेव्हस्की (१८२९) व बोल्यॉई (१८३२) यांनी त्या नकारावरच स्वतंत्र भूमिती उभारली. तीत प्रत्येक त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी असते व ही तूट त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. अशा भूमितीत केवळ दोन कोनांवरून तिसरा सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये भूमितीचे अध्यापन दीर्घकाळ यूक्लिडच्या प्रमेयक्रमाला जखडलेले होते. त्यात सुधारणा व्हावी म्हणून १८७१ मध्ये एक शिक्षकसंघ स्थापन झाला. तोच पुढे मॅथेमॅटिकल असोसिएशन म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या मॅथेमॅटिकल गॅझेट या नियतकालिकाचे पहिले संपादक, बेडफर्ड येथील शिक्षक एडवर्ड मान लँग्ली यांनी १९२२ मध्ये त्यात एक लहानसा प्रश्न दिला. आकृती वाचकाने कागदावर काढून पाहावी. अबक या समद्विभुज त्रिकोणात ब व क येथील कोन प्रत्येकी ८०° आहेत. बाजू अब वर फ बिंदू असा घेतला, की कोन बकफ ५०° होईल. बाजू अक वर ड असा, की कोन डबक ६०° होईल. कोन बडफ ३०° आहे, हे सिद्ध करावयाचे.

नेहमीच्या रीतीने आरंभ केला, तर बड व कफ यांच्या छेदनबिंदूपाशी ७०° चा कोन मिळतो आणि त्यावरून कोन बडफ व कोन कफड यांची बेरीज ११०° येते. दुसरे समीकरण हवे म्हणून अफड या त्रिकोणाकडे वळावे, तर तेथूनही तीच बेरीज निघते. एकही समीकरण चुकीचे नसते. नवे मात्र एकही नसते. अनेकांचा गृहपाठ येथेच अडतो व दोष आपल्या बेरजेत असावा असे त्यांना वाटते.

मर्सर यांची उकल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ब मधून बक शी २०° कोन करणारी व अक ला ग मध्ये छेदणारी रेषा काढली आहे. त्रिकोण बगक मध्ये ग व क येथील कोन ८०° म्हणून बग = बक; त्रिकोण बफक मध्ये फ व क येथील कोन ५०° म्हणून बफ = बक. कोन फबग ६०° असल्याने त्रिकोण बफग समभुज होतो. कोन गबड व कोन बडग प्रत्येकी ४०° म्हणून गड = गब = गफ. कोन फगड ४०° येतो, म्हणून कोन गडफ ७०° व त्यातून ४०° वजा जाता कोन बडफ ३०°. कोनांच्या बेरजेत नसलेली माहिती लांबींच्या समानतेतून मिळाली आहे.

असे पूर्ण अंशांतील उत्तर येणे हा अपवाद होय. वरील आकृतीत ५०° ऐवजी ४०° घेतले, तर त्रिकोणमितीने कोन बडफ सु. १६.९२° येतो, मग कोणतीही सुबक साहाय्यक रेषा शोधण्यात अर्थ उरत नाही. कोणत्या चौकोनांत सर्व कोन असे सुटसुटीत येतात याचा शोध ट्रिप (१९७५) व रिग्बी (१९७८) यांनी त्याच नियतकालिकात घेतला. नियमित बहुकोनाचे तीन कर्ण एका बिंदूत केव्हा मिळतात, या प्रश्नाशी तो निगडित आहे. लँग्ली यांची आकृती नियमित अठरा बाजूंच्या बहुकोनात बसविता येते. कर्णांच्या प्रश्नावर बोल यांनी १९३६ मध्ये काम केले होते; पूनन व रूबिनस्टाइन यांनी १९९८ मध्ये त्याचे संपूर्ण विवेचन केले. त्याच स्वरूपाच्या बीजगणिताने केडलाया, कोल्पाकोव्ह, पूनन व रूबिनस्टाइन यांनी २०२० मध्ये, ज्यांचे सर्व द्वितलीय कोन अंशांत परिमेय आहेत अशा चतुष्फलकांची पूर्ण यादी दिली. तीत दोन अनंत कुले असून त्यांखेरीज केवळ ५९ चतुष्फलके आहेत.